कॉम्प्युटर चालूच होत नाही? आधी तो कुठे अडतोय ते बघा

मागच्या जुलैत मावशीचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर गेला आमचा. दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड उडालाय, साडेसहा हजार लागतील. त्यापेक्षा नवीनच घेऊ का?" मी विचारलं, बटण दाबल्यावर नक्की काय होतं? "पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच."

शनिवारी रत्नागिरीला गेलो. झाकण उघडलं, रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, पट्टी काढून खिडकीजवळ नेली. खालच्या कडेचे सोनेरी दात काळपट झाले होते, घरातल्या पितळी समईवर पावसाळ्यात चढतो तसा थर. भाच्याच्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला, दोन्ही बाजू घासल्या, पट्टी परत बसवली. मशीन पहिल्याच दाबाला सुरू झालं. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं.

अशी बरीच मशिनं मी पाहिली आहेत. भंगारात निघालेली, आणि दुरुस्ती मात्र अर्ध्या तासाची. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. मुख्यतः घरच्या डेस्कटॉपबद्दल, कारण तो घरी उघडता येतो. लॅपटॉपबद्दलही थोडं आहे.

बटण दाबल्यावर काय काय होतं

बटण दाबलं की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याला, "वीज सोड" असा इशारा देतो. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून पुरवतो. मग प्रोसेसर, म्हणजे सगळी कामं करणारी मुख्य चिप, जागा होतो आणि मदरबोर्डवरचा बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम वाचतो. बायॉस रॅम तपासतो, डिस्प्ले चालू करतो, डिस्क शोधतो. डिस्क सापडली की विंडोजच्या हातात कारभार देतो.

ही साखळी कुठे तुटली ते समजलं की निम्मं काम झालं. त्यासाठी हात लावायच्या आधी नुसतं बघा. काहीच होत नाही? चालू होऊन लगेच बंद पडतो? पंखे फिरतात पण पडदा काळा? की कंपनीचा लोगो येतो आणि पुढे विंडोज येत नाही? या चारही तक्रारींना लोक "कॉम्प्युटर चालू होत नाही" असंच म्हणतात, पण चारींचे रस्ते वेगळे आहेत.

हाताशी ठेवा: चौफुली स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, पांढरा खोडरबर, रंगकामाचा कोरडा ब्रश, जमल्यास साधा डिजिटल मल्टिमीटर. आणि मोबाइल. कुठलीही वायर काढण्याआधी तिचा फोटो काढायचाच. परत जोडताना तो फोटो नसेल तर हमखास अडायला होतं.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. झाकण उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. डबा बिघडला तर बदलायचा, घरी खोलायचा नाही.

काहीच होत नाही: ना दिवा, ना पंखा

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच पॉइंटला टेबललॅम्प लावून बघा. टेस्टरवर विसंबू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल तुटली असेल तरी तो पेटतोच, आणि आपण "लाइट तर आहे" म्हणत मशीन उघडून बसतो. दिवा लागला तर एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला काढून कॅबिनेटचा प्लग थेट भिंतीत लावा. जुन्या यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर तो स्वतःच चालू व्हायला नकार देऊ शकतो, आणि दोष कॉम्प्युटरवर येतो.

मग केबल. कॅबिनेटला आणि मॉनिटरला लागणारी पॉवर केबल बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारची असते. मॉनिटरची काढून कॅबिनेटला लावा, फुकटात केबलची परीक्षा होते. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर छोटा स्विच असतो, त्याची उभ्या रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडू मारताना तो बंद झालेला मी तीन घरांत तरी पाहिला आहे.

एवढं करून काही नाही तर केबल काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, केबल लावा, पुन्हा दाबा. आत अडकून राहिलेली वीज यात निघून जाते. वीज जाऊन-येऊन झाल्यावर रुसलेली मशिनं कित्येकदा एवढ्यानेच उठतात.

आता प्लग काढून झाकण उघडा. मग केबल परत लावून मदरबोर्डवर एखादा बारीक दिवा लागतोय का ते नुसतं लांबून बघा. लागत असेल तर एसएमपीएसचा निदान स्टँडबायचा, म्हणजे मशीन बंद असतानाही वीज देणारा, भाग जिवंत आहे, आणि संशय पुढच्या बटणावर जातो. दमट हवेत ते बटण आतून गंजतं. बटणाच्या वायरी मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवर येतात, तिथे पीडब्ल्यूआर किंवा पॉवर स्विच असं काही छापलेलं असतं. प्लग काढून ती वायर उपसा आणि त्या जागी रिसेट बटणाची वायर लावा. प्लग लावून रिसेटचं बटण दाबल्यावर मशीन सुरू झालं तर दोष सापडला, आणि नवीन बटण येईपर्यंत रिसेटवर काम चालतं.

दिवाच नसेल तर एसएमपीएस तपासा. हे काम सावकाश करा. प्लग काढा, एसएमपीएसमधून निघणाऱ्या सगळ्या वायरी मदरबोर्ड, डिस्क, सगळीकडून सोडवा. एखादा कॅबिनेटचा पंखा तेवढा जोडून ठेवा. चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि कुठलीही एक काळी वायर यांच्यामध्ये कागदाला लावायची यू पिन वाकवून घट्ट बसवा. पिनेवरून हात काढा, मग प्लग लावून स्विच द्या. पंखा फिरला तर एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही. मल्टिमीटर असेल तर काळ्या वायरशी पिवळी मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये यायला हवी. लाल ४.७५ ते ५.२५. जांभळी वायर स्टँडबायची, तीही ५ व्होल्टचीच, आणि ती यू पिन न लावताही मिळाली पाहिजे.

सगळ्याच वायरी काळ्या असतील, किंवा ब्रँडेड मशिनात वेगळ्याच आकाराचा कनेक्टर असेल, तर अंदाजाने पिन खुपसू नका. शेजाऱ्याकडचा, दुकानातला, कुठलाही चालू आणि त्याच जातीचा एसएमपीएस लावून बघणं बरं. आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असंही समजू नका. भार पडल्यावर मान टाकणारे एसएमपीएस असतात. जळका वास, मागच्या जाळीतून डोकावणारी कपॅसिटरची फुगलेली टोपी, किंवा जाळीतून आत शिरून मेलेली पाल यांपैकी काही दिसलं तर मोजमाप राहू द्या, सरळ बदला. स्वस्तातला बिननावाचा घेऊ नका. सगळ्या मशिनाला वीज तोच पुरवतो, आणि तो जाताना सोबत बोर्ड नेऊ शकतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात?

हा मुद्दा थोडा बाजूचा आहे, पण सोडवत नाही. पत्र्याला हात लागल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर तुमच्या पॉइंटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर थांबते. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती घालून घ्या. यूएसबी पोर्ट, प्रिंटर, लॅनकार्ड का मरतात याचं उत्तर कधीकधी इथे असतं, आणि लहान मुलं अनवाणी पायांनी त्याच कॅबिनेटला टेकून बसतात.

चालू होतो आणि लगेच बंद पडतो

आधी मागचं-पुढचं सगळं यूएसबी काढा: माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह. पुढच्या यूएसबी पोर्टात टॉर्च मारा. आतली पिन वाकून पत्र्याला टेकली की मदरबोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो.

मग प्रोसेसरवरचा पंखा. त्याखालचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा ठोकळा, हलक्या हाताने हलवून बघा. जुन्या इंटेल मशिनांत तो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो, त्यातली एक सुटली तरी तो एका बाजूने उचलला जातो. प्रोसेसर काही सेकंदांत तापतो आणि बंद होतो. धूळ ब्रशने काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा म्हणजे तो गरगरणार नाही. हीटसिंक काढलाच तर जुनी वाळकी पेस्ट कापडाने पुसून तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा असा नव्या थर्मल पेस्टचा ठिपका देऊनच परत बसवा.

प्रोसेसरला वीज देणारा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असतो. तो दाबून बघा. इतकं करून सुटलं नाही तर मशीन उघडंवाघडं करा: डिस्क, ग्राफिक्स कार्ड, जास्तीची रॅम, सगळं काढून फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी ठेवा. चाललं तर एकेक वस्तू परत लावत जा. एका वेळी एकच. दोन बदल एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पंखे फिरतात, पडदा काळा

आपल्याकडे पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसणारी तक्रार हीच, आणि मदरबोर्डच्या नावाने पैसे मोजले जातात तेही इथेच.

कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन आत चालू आहे, अडचण मॉनिटर किंवा त्याच्या केबलची आहे. मॉनिटरचं स्वतःचं मेन्यूचं बटण दाबा, मेन्यू दिसला तर मॉनिटर ठीक. त्यात इनपुट बरोबर निवडलंय का ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच हवी. साफसफाईनंतर ती वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टात लागलेली असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यांच्यात अंगचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे वरच्या पोर्टातून कधीच काही दिसणार नाही.

कॅप्स लॉक मुका असेल तर रॅम. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. कोकणातल्या दमट जुलैत ती फारशी नसते, नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र एका ठिणगीत चिप जाऊ शकते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबा, पट्टी उचलून येईल. तिला कडेने धरा, चिपांवर बोटं नकोत. टेबलावर सुती कापड पसरून त्यावर पट्टी आडवी ठेवा आणि सोनेरी दातांवर खोडरबर एकाच दिशेने, वरून कडेकडे ओढा. मागेपुढे खसाखसा घासू नका, मुलामा पातळ असतो. आठ-दहा फटक्यांत काळपट पट्टा जाऊन पिवळी चमक येते. दुसरी बाजू तशीच करा. रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झटका, तो स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. स्लॉटमध्येही कोरडा ब्रश फिरवा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीबरोबर ओलावा जातो.

परत बसवताना पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा आणि दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबा. खिट्टी "टक" करून स्वतः मिटली पाहिजे. हा आवाज येईपर्यंत ती बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. नव्या डीडीआर ५ मशिनांत रॅम बदलल्यावर किंवा बायॉसची सेटिंगं पुसल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात. त्या वेळात पडदा काळाच असतो. घाईने बंद करू नका, चहा करून या.

बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो तिथे गाडी अडलेली असते. जुन्या बोर्डाला पाच-दहा रुपयांचा बझर लावा आणि मुद्दाम सगळी रॅम काढून चालू करा. तो बीप-बीप ओरडू लागला तर समजा, प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, कारण रॅम नसल्याची तक्रार तेच करताहेत. मदरबोर्ड गेला असं कुणी सांगितलं तर पैसे देण्याआधी ही चाचणी जरूर करा.

उरला बटणासारखा गोल सेल, सीआर २०३२. तीन व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. घड्याळ मागे पडणं, तारीख भलत्याच वर्षाची दिसणं ही त्याची आधीची लक्षणं. प्लग काढून सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवला की बायॉसची सेटिंगं मूळपदावर येतात, आणि चुकीच्या सेटिंगमुळे अडलेलं मशीन सुटतं. मात्र त्यानंतर पडदा आला आणि विंडोज येईना, तर बायॉसमध्ये जाऊन साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आणि बूटचा प्रकार पूर्वीसारखा आहे का ते बघा. विंडोज ज्या मोडवर टाकलेलं असतं तो बदलला की ते निळा पडदा दाखवतं.

लोगो येतो, विंडोज येत नाही

पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते आधी बघा. मशीन त्याच्यावरून सुरू व्हायचा प्रयत्न करत असतं. मग बायॉस उघडा, सुरुवातीला डिलीट किंवा एफ२, काही कंपन्यांत एफ१०. तिथे डिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर साटा केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा, दुसरी केबल, दुसरा पोर्ट. काडीसारखी एम डॉट टू डिस्क असेल तर स्क्रू काढून परत बसवा.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून ठराविक वेळाने टक्‌-टक्‌ आवाज येत असेल तर तिथल्या तिथे थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितल्याने आतली तबकडी खरवडली जाते आणि वाचण्यासारखा डेटाही जातो. अशी डिस्क फक्त डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्यायची. पाण्यात बुडालेल्या मशिनाचंही तसंच. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कितीतरी घरांत, दुकानांत कॉम्प्युटर चिखलात सापडले. असं मशीन उन्हात वाळवून चालू करणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

डिस्क दिसत असेल तर विंडोजला स्वतःची दुरुस्ती करू द्या. लोगोखाली ठिपके फिरू लागले की बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा मेन्यू येतो. ट्रबलशूटमध्ये जाऊन प्रगत पर्याय उघडा. आधी स्टार्टअप रिपेअर. मग, काल-परवा अपडेट झालं असेल तर ते काढण्याचा पर्याय. मग सिस्टिम रिस्टोअर. सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टी चालू ठेवून, विंडोज उघडलं तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नव्याने टाकलेल्या सॉफ्टवेअरचा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हाही हाताने करायचा उपाय हाच होता: सेफ मोडमध्ये जायचं आणि ती फाइल उडवायची.

त्या वेळी अनेक जण आणखी एका ठिकाणी अडकले. विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद होती आणि ४८ अंकी किल्ली हाताशी नव्हती. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर हे कुलूप तुमच्या नकळत लागलेलं असू शकतं. बायॉसची सेटिंगं पुसल्यावरही मशीन ती किल्ली मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज मशीन चालू असतानाच ती कागदावर उतरवून घ्या.

कुणी "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो" म्हणालं तर आधी डेटा काढून घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा पेनड्राइव्ह बनवा, बंद पडलेलं मशीन त्यावरून सुरू करा, इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघण्याचा पर्याय निवडा. विंडोज मेलेलं असलं तरी फायली दिसतात, मात्र बिटलॉकरचं कुलूप असेल तर ती किल्ली लागते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा असेल तर तो फोल्डर, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. डेस्कटॉपवरच्या फायली सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये त्याच आधी जातात. "फायली ठेवून रिसेट" केलं तरी सॉफ्टवेअर उडतात, म्हणून मराठी टायपिंगच्या जुन्या पॅकेजची सीडी किंवा नोंदणी क्रमांक शोधून ठेवा.

लॅपटॉप असेल तर

चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, बटण तीस सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. पडदा काळाच असेल तर टीव्हीला एचडीएमआयने जोडा, तिथे चित्र आलं तर बोर्ड शाबूत आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल तर चालू करू नका, चार्जिंगही नको.

दुकानात नेताना

एका कागदावर लिहा: काय दिसतं, कुठल्या चाचण्या केल्या, काय निष्पन्न झालं. डेटा हवा आहे हे ठळक लिहा. जो भाग बदलला जाईल तो जुना भाग परत मागा आणि ते आधीच सांगून ठेवा. "रॅम साफ केली, बझर वाजतो, एसएमपीएसची १२ व्होल्ट बरोबर येते" एवढं कळलं की समोरच्या माणसाचाही वेळ वाचतो, आणि चांगला कारागीर तुमच्याशी नीट बोलू लागतो.

मावशीचं मशीन आता जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलंय. वापर नसला तरी पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू करायला सांगितलंय, आतली ऊब ओलावा धरू देत नाही. गडगडाट सुरू झाला की ती प्लग काढते, आणि प्लगबरोबर केबलवाल्याची इंटरनेटची वायरही. तांब्याच्या वायरीतून विजेचा झटका आत येतो, आणि ती वायर काढायची बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.